पाचगणीचा मुलगा आणि सहा मिनिटांचे गाणे



पुण्याहून बंडगार्डनपाशी नदी ओलांडली की येरवडा लागतो. येरवडा म्हटले की पुष्कळांना तुरुंग आठवतो, तेथला गांधीजींचा कारावास आठवतो, १९३२ सालचा पुणे करार आठवतो. ते बरोबरच आहे. पण नदी ओलांडताना खाली पाहिले तर पाण्यात एक जुना दगडी बंधारा दिसतो. या बंधाऱ्याला सर जमशेटजी जीजीभॉय या पारशी गृहस्थांनी मोठी देणगी दिली होती. या बंधाऱ्यावरूनच त्या भागाला 'बंड' हे नाव पडले. पलीकडे डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आहे. कॉलेज १८६८ साली येथे आले, आणि त्या इमारतीलाही जमशेटजींचाच हातभार लागला. हे सांगायचे कारण एवढेच, की आपल्या या मुलखात पारशी मंडळी पाहुण्यासारखी आली नाहीत. त्यांनी येथे बंधारे घातले, कॉलेजे उभारली, मुलांना शिकायला ठेवले. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तोही एक पारशी मुलगाच. तो शिकला मात्र येरवड्यात नाही, सातारा जिल्ह्यात, पाचगणीला.

या मुलाचे नाव फारोख बलसारा. बलसारा म्हणजे मूळचे वलसाडकडचे. वडील बोमी आणि आई जेर. वडील आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. तेथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोखचा जन्म झाला. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईबापांनी त्याला बोटीने मुंबईला धाडले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. आठ वर्षांचे मूल, आणि मध्ये सगळा समुद्र. मोठ्या सुट्टीत इतर मुले घरी जात. हा मुंबईला आजीकडे आणि मावशीकडे जाई.

पुण्याहून सातारच्या रस्त्याने निघून सुरूरच्या फाट्याला वळले की वाई, आणि वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. घाटाच्या पायथ्याच्या पसरणी गावातच १९२३ साली शाहीर साबळे जन्मले. खाली शाहिराचे गाव आणि वर घाटमाथ्यावर इंग्रजी शाळेतला पियानो. दोन गाण्यांमध्ये एका घाटाचेच अंतर.

शाळेत मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले की या मुलाला गाण्याचे अंग आहे. त्यांनी पालकांना कळवले की थोडी जास्त फी भरलीत तर मुलाला पियानो शिकवू. पालकांनी होकार दिला. शिक्षकबंधूंनो, या जागी जरा थांबावेसे वाटते. एका शिक्षकाला एका पोराचा कान ओळखता आला आणि त्याने घरी एक पत्र लिहिले. पुढचे सारे त्या पत्रामागून आले. मुलगा पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत गेला. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो तशीच्या तशी पियानोवर वाजवून दाखवी, असे त्याचे सोबती सांगत. लहानपणी त्याच्या कानावर झालेल्या संस्कारांत लता मंगेशकरांच्या गाण्याचेही नाव चरित्रकार घेतात. तो काळही पाहा: १ एप्रिल १९५५ पासून आपल्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले, आठवड्याला एक अशी वर्षभर छप्पन्न गीते झाली, आणि त्याच सुमाराला हा पोर घाटमाथ्यावर पियानोच्या पट्ट्या मोजीत होता.

बारा वर्षांचा असताना त्याने चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यमेळ काढला. शाळेच्या समारंभात ही मुले परदेशी तबकड्यांवरची गाणी वाजवीत. त्या मुलांपैकी एक जण पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढला, एकाने पुण्याच्या कॅम्पात हॉटेल काढले. शाळेतल्या मेळाचे असेच होते. पाचांतून एखादाच गाणे धरून राहतो.

शाळा संपवून तो झांजिबारला परतला. १९६४ साली तेथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब नेसत्या वस्त्रांनिशी म्हणावे तसे इंग्लंडला गेले. लंडनच्या बाजूला फेल्टम गावात त्यांनी बिऱ्हाड केले. फारोखने ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकलेची पदविका घेतली. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांबरोबर त्याने 'क्वीन', म्हणजे राणी, या नावाचा रॉक गाणाऱ्यांचा संच उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यात आला. स्वतःचे नाव त्याने फ्रेडी मर्क्युरी असे घेतले. रॉक म्हणजे काय असे कोणी विचारील, तर विजेवर चालणाऱ्या गिटारी, मोठे ढोल, आणि त्यांच्या वर चढणारा गायकाचा आवाज. ज्यांना तो नुसता गोंगाट वाटतो त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. गोंगाट त्यात आहेच. पण या माणसाने त्यातून काय काढले ते पाहण्यासारखे आहे.

१९७५ साली त्याने एक गाणे रचले: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. ऱ्हॅप्सडी म्हणजे एका ठाशीव साच्यात न बसणारी, मनाला येईल तशी वळणे घेणारी रचना. गाणे कशाविषयी आहे हे त्याने कधी नीट सांगितले नाही, आणि मीही ते सांगायला जाणार नाही. त्याची बांधणी मात्र सांगतो. आरंभी नुसते आवाज. मग पियानोवर संथ, दुःखाचे गाणे. मग गिटार. मग एकाएकी ऑपेरा. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला चुलता समजा. तेथे भांडणसुद्धा गाऊन होते. ऑपेरानंतर धडाडून रॉक, आणि शेवटी पुन्हा शांत पियानो. त्यात अरबी भाषेतला देवाचे नाव घेण्याचा शब्दही येतो, इटालियन नावेही येतात. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग एका रात्रीत येतात आणि कोणाला खटकत नाही. इंग्लंडातल्या तबकडी विकणाऱ्यांना मात्र हे खटकले. त्यांची मुख्य तक्रार लांबीची होती. गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे होते.

ही लांबीची गोष्ट आपल्यालाही ओळखीची आहे. जुनी ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजे. त्या तीन मिनिटांत बसवण्यासाठी आपल्या मोठमोठ्या बुवांनी तास तास चालणारे राग कापले. पुढे यंत्र सुधारले, लांब वाजणारी तबकडी आली. पण रेडिओवर गाणे तीन मिनिटांचेच बरे, ही सवय तशीच राहिली. माणूस यंत्राला मुरड घालतो त्यापेक्षा यंत्र माणसाला जास्त घालते.

आता हे गाणे तयार कसे झाले ते सांगतो, कारण खरी मेहनत तेथे आहे. ध्वनिमुद्रणाला ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्स प्रांतातल्या रॉकफील्ड येथे आरंभ झाला. ऑपेराच्या भागात आपल्याला मोठा समुदाय गाताना ऐकू येतो. प्रत्यक्षात गाणारे तिघेच: मर्क्युरी मधल्या सप्तकात, मे खालच्या स्वरात आणि टेलर अगदी उंच. तिघे एकदा गायचे, ते चुंबकीय फितीवर घ्यायचे. मग ते ऐकत ऐकत त्याच्यावर पुन्हा गायचे, पुन्हा घ्यायचे. समजा, दिंडीत तीनच टाळकरी आहेत. त्यांचा एक फेर फितीवर घेतला, त्याच्याशी ताल धरून दुसरा घेतला, मग तिसरा, चौथा. असे करता करता तिघांचे शंभर वारकरी होतील. मात्र एकाचा जरी ताल चुकला तरी सगळी दिंडी विस्कटेल. असे सुमारे १८० थर चढवले असे सांगतात. रोज दहा-बारा तास गायचे. एवढ्या एका भागाला तीन आठवडे लागले. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडाकडे धरली तर आरपार दिसू लागले, असे ब्रायन मे यांनी नंतर सांगितले आहे.

तीन आठवडे, हा आकडा लक्षात ठेवा.

तबकडी ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बाहेर पडली. त्याआधी एक गंमत झाली, आणि ती रेडिओची असल्यामुळे येथे सांगायलाच हवी. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा निवेदक होता. त्याला गाण्याची एक प्रत मिळाली होती, लावू नकोस अशी ताकीदही मिळाली होती. त्याने आधी थोडे तुकडे ऐकवले, लोकांची भूक चाळवली, आणि मग शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सगळे गाणे चौदा वेळा लावले. सोमवारी गिऱ्हाईक दुकानांच्या दारात उभे. तबकडी अजून बाजारात आलेलीच नव्हती. सहा मिनिटांचे गाणे लोक ऐकणार नाहीत हे दुकानदारीचे गणित श्रोत्यांनी मोडले. श्रोता सहा मिनिटे बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी श्रोत्याला कितीदा विचारलेले असते, कोण जाणे!

इंग्लंडात बीबीसीच्या दूरदर्शनवर दर आठवड्याला गाण्यांचा एक कार्यक्रम लागे, 'टॉप ऑफ द पॉप्स'. ज्याची तबकडी खपत असेल त्या गायकाने स्टुडिओत यायचे आणि गाणे सादर करायचे, अशी पद्धत. क्वीनची दोन अडचणी. एक म्हणजे १४ नोव्हेंबरला लिव्हरपूलपासून त्यांचा दौरा सुरू होत होता. दुसरी याहून मोठी: ते गाणे चौघांनी समोर उभे राहून सादर करायचे कसे? तिघांच्या १८० आवाजांना ओठ कोण लावणार?

म्हणून त्यांनी आपल्या जागी एक चित्रफीत पाठवायचे ठरवले. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथे, जेथे त्यांची दौऱ्याची तालीम चालू होती तेथेच, रंगमंचावर दिवे होतेच, ते वापरून ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाने ती घेतली. तिला फिल्म म्हणतात खरे, पण ती दूरदर्शनच्या चुंबकीय फितीवर घेतलेली होती. चित्रण चारेक तासांत उरकले. मागाहून कारागिरी करायला सवडच नव्हती, म्हणून सारे चमत्कार कॅमेऱ्यासमोर, चित्र घेता घेताच केले.

ते चमत्कार कसे केले? आरंभी काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे, वरून प्रकाश, डोळ्यांच्या खोबणीत सावली. ही मांडणी त्यांच्या दुसऱ्या संग्रहाच्या वेष्टनासाठी १९७४ साली मिक रॉक या छायाचित्रकाराने केली होती, आणि त्याने ती १९३२ सालच्या एका चित्रपटातल्या मार्लीन डीट्रिच या नटीच्या छायाचित्रावरून सुचवून घेतली होती. पुढे ऑपेराच्या भागात एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. त्यासाठी कॅमेऱ्यापुढे पैलू पाडलेली काच धरली. पैलू तितकी तोंडे. आणखी एका जागी मर्क्युरीचा चेहरा मागे मागे, लहान लहान होत रांगेने दूर जातो. येथे कॅमेरा त्याचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे वळवला होता. न्हाव्याच्या दुकानात पुढे आरसा आणि मागे आरसा असतो. मान जरा कलती केली की आपलीच डोकी ओळीने भिंतीच्या आत गेलेली दिसतात. शाळेत दोन आरसे समोरासमोर धरून मध्ये खडूचा तुकडा ठेवला तर हाच प्रयोग होईल.

चित्रफीत २० नोव्हेंबरच्या कार्यक्रमात दाखवली गेली. काही दिवसांतच गाणे इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि सलग नऊ आठवडे तेथून हलले नाही.

हा जगातला पहिला असा प्रसिद्धिपट, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. बीटल्सनी १९६६ सालीच, दर देशाच्या दूरदर्शनवर जाणे जमेना म्हणून, आपल्या गाण्यांची चित्रे काढून पाठवली होती. त्याच्याही आधी १९६५ साली बॉब डिलनने लंडनच्या एका गल्लीत उभे राहून एक गमतीचे चित्र केले. गाणे वाजते आहे, तो गात नाही, ओठसुद्धा हलवीत नाही. हातात पुठ्ठ्यांचा गठ्ठा, त्यांवर गाण्यातले शब्द लिहिलेले, आणि शब्द आला की एकेक पुठ्ठा खाली टाकतो. पहिलीच्या वर्गात आपण शब्दपट्ट्या दाखवतो ना, अगदी तसे. मला तर तो सगळ्यांत हुशार प्रसिद्धिपट वाटतो, कारण त्यात फसवणूक मुळीच नाही. क्वीननेही १९७३ साली आपल्या दोन गाण्यांची चित्रे काढली होती. १९७५ साली नवीन काय झाले, तर अशा चित्राने गाणे किती लांब जाऊ शकते हे धंदेवाल्यांच्या लक्षात आले. त्यानंतर तबकडीबरोबर चित्र काढायचे हा रिवाजच पडला.

आपल्याकडच्या श्रोत्यांना वाटेल, यात विशेष ते काय? गाण्याचे चित्र तर आपण बोलपट आल्यापासून पाहतो. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा. तेव्हापासून आपले नट पडद्यावर गात आले. खरे आहे. पण आपल्या बोलपटातले गाणे कथेच्या पोटातले असते. कोणी तरी रुसलेले असते, कोणी पेरणी करीत असते, संत तुकाराम विठ्ठलाला आळवीत असतात. क्वीनच्या चित्रात कथा नाही. गाणारा आहे आणि गाणे आहे. जाहिरात आहे तीही गाण्याचीच.

आता एक गोष्ट मला या मंडळींची फार आवडली, ती सांगतो. हेच गाणे ते जाहीर कार्यक्रमांत गात. संथ भाग गात, पियानो मर्क्युरी स्वतः वाजवी. ऑपेराचा भाग आला की मात्र चौघेही रंगमंचावरून आत निघून जात आणि तेवढा भाग फितीवरून ऐकवला जाई. रॉकचा भाग आला की पुन्हा बाहेर येऊन वाजवू लागत. समोर हजारो माणसे. ओठ हलवून वेळ मारून नेता आली असती. जे गळ्याने होण्यासारखे नव्हते तेथे त्यांनी रंगमंच मोकळा सोडला. आज गावच्या जत्रेत मागे गाणे वाजते आहे आणि पुढे गायक रिकामा ध्वनिक्षेपक धरून नाचतो आहे असे दिसले की मला त्या मोकळ्या रंगमंचाची आठवण होते.

लोक आज गाण्यापेक्षा चित्रच जास्त आठवतात. जुलै २०१९ पर्यंत यूट्यूबवर ते शंभर कोटी वेळा पाहिले गेले होते. येरवड्याच्या वस्तीत काय आणि पसरणीच्या वाडीत काय, पोरांच्या हातातल्या मोबाइलवर ते दिसू शकते. आता तर लग्नाआधी नवरानवरीचे चित्रगीत निघते, गणेश मंडळाचे निघते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवाराचेही निघते. कॅमेरा स्वस्त झाला, चार तास कोणालाही काढता येतात. आधीचे तीन आठवडे काढायला मात्र कोणी तयार नसते. चित्र नीट झाले नाही म्हणून पोरे खंतावतात, आणि गाणे मुळात बेसूर आहे याकडे कोणाचे लक्ष नसते. क्वीनचे चित्र चार तासांत झाले ते तीन आठवड्यांच्या गाण्याच्या खांद्यावर उभे राहून. त्या गाण्याच्याही खाली वसतिगृहातला पियानो होता.

मर्क्युरी आपल्या बालपणाविषयी जाहीरपणे फारसे बोलत नसे. त्याला ओळखणाऱ्या लाखो लोकांना पाचगणी हे नावही ठाऊक नव्हते. चार तासांच्या त्या चित्रात चेहरा अगदी जवळून दिसतो, पण माणूस कोठून आला हे त्यात दिसत नाही. याबद्दल त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. आठव्या वर्षी समुद्रापार धाडलेला आणि सतराव्या-अठराव्या वर्षी देश सुटलेला माणूस काय बोलावे आणि काय नाही हे स्वतः ठरवतो.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. वय पंचेचाळीस. महिनाभरात तेच गाणे पुन्हा बाजारात आणले, आणि त्याचे उत्पन्न एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देण्यात आले. गाणे पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले, पाच आठवडे राहिले. दूरदर्शनवर पुन्हा तेच चित्र. सोळा वर्षांपूर्वी गायकाला दौऱ्यामुळे येता येत नव्हते म्हणून जे पाठवले होते, ते आता तो कधीच येणार नव्हता तेव्हाही त्याच्या जागी उभे राहिले.

शिक्षकांपैकी कोणाला हे गाणे वर्गात घ्यायचे असेल तर एक करा. आधी पडदा झाकून नुसते ऐकवा. मुलांना एवढेच विचारा, की मधल्या भागात किती माणसे गात असतील? वीस म्हणतील, पन्नास म्हणतील. मग तीन हे उत्तर सांगा, आणि पुन्हा ऐकवा. चित्र त्यानंतर दाखवा. आणि घाई करून बंद करू नका. गाणे संपता संपता पियानो अगदी हळू होतो, आवाज विरत जातो, आणि शेवटी रॉजर टेलर देवळातल्या घंटेएवढ्या घुमणाऱ्या एका मोठ्या पितळी थाळीवर एकच टोला देतो. तो टोला पूर्ण विरेपर्यंत वर्गात कोणी बोलू नये.